गुडघा दाखवायचा कधी?

श्रोतेहो, नमस्कार.

पायरी चुकली, पाय वाकडा पडला, गुडघा पिरगळला. चार दिवस लंगडत काढले, सूज ओसरली आणि मग तो अधांतरी काळ सुरू झाला. धड बरा नाही, धड वाईट नाही. सपाटीवर चालता येतं, पण जिना उतरताना सणक येते. तीन आठवडे उलटले. घरचे म्हणतात, दाखवून ये. आणि ज्याचा गुडघा आहे तो म्हणतो, बघू अजून आठ दिवस. आज मला बोलायचंय ते या ‘बघू’बद्दल.

ज्यात ‘बघू’ म्हणायचंच नाही, ते आधी सांगून टाकतो.

मार बसल्यावर त्या पायावर भार देऊन चार पावलं टाकता येत नसतील, तर त्याच दिवशी दवाखाना. लंगडत टाकलेली चालतील, पण चार पावलं पडली पाहिजेत. हा आकडा हवेतला नाही. कॅनडात ओटावा इथे इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक कसोटी मांडली, ताज्या मारानंतर एक्स-रे कुणाचा काढायचा याची. प्रश्न पाचच. वय ५५ किंवा त्याहून जास्त आहे? बाकी कुठे नाही, फक्त वाटीच्या हाडावर दाबल्यावर दुखतं? गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा छोटा उंचवटा हाताला लागतो, तो दाबला की दुखतं? गुडघा काटकोनापर्यंतही वाकत नाही? चार पावलं पडत नाहीत, मार बसल्याबरोबरही नाही आणि तपासणीच्या वेळीही नाही? पाचातल्या एकालाही ‘हो’ आलं, तर एक्स-रे. मात्र ही कसोटी हाड मोडलंय का एवढ्यापुरतीच आहे. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, आणि गादी, म्हणजे गुडघ्यात दोन हाडांच्या मधे असणारी लवचिक चकती, एक्स-रेत दिसत नाहीत. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आला’ याचा अर्थ ‘गुडघा नॉर्मल आहे’ असा होत नाही. पुन्हा सांगतो, एक्स-रे नॉर्मल म्हणजे गुडघा नॉर्मल नव्हे.

आणखी काही गोष्टी तितक्याच तातडीच्या. उताणं झोपून पाय सरळ ठेवून वर उचलायला गेलात आणि टाच अंथरुणावरून सुटतच नाही, वाटीच्या वर किंवा खाली बोट खड्ड्यात गेल्यासारखं वाटतं, तर वाटी धरून ठेवणारा स्नायुबंध तुटलेला असू शकतो. तो पहिल्या दोनतीन आठवड्यांत शिवला तर नीट जुळतो. नंतर त्याची टोकं आखडतात आणि काम अवघड होऊन बसतं. गुडघ्याखाली पाऊल गार पडलं, बधिर झालं, तर रक्तवाहिनीला इजा असू शकते, तिथे तासांचा हिशोब असतो. गुडघा लाल, गरम, अंगात ताप आणि सांधा जरासाही हलवू देत नाही, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी घरात उरलेली अँटिबायोटिक गोळी कृपा करून घेऊ नका. सांध्यातलं पाणी काढून तपासायचं असतं, आणि आधी गोळी पोटात गेली की त्यात जंतू बरेचदा सापडत नाही. पाय बरेच दिवस बांधून ठेवल्यावर एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं, तर रक्ताची गुठळी आहे का ते त्याच दिवशी बघायला हवं. सोबत धाप लागली, छातीत दुखलं, तर थेट इमर्जन्सी.

आता सूज. सूज किती आली यापेक्षा ती कधी आली ते जास्त महत्त्वाचं. पहिल्या दोनचार तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत बहुधा रक्त साचलंय. मग लिगामेंट तुटणं, वाटी सरकणं किंवा हाडाला चीर जाणं यांची शंका घ्यायची. रात्री ठीक होता, सकाळी उठून बघतो तर सुजलेला, असं असेल तर ते गादीच्या दुखापतीचं लक्षण असू शकतं. दोनचार तासांतली सूज आणि दुसऱ्या दिवसाची सूज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. आणि ताज्या सुजेवर चोळू नका, शेकू नका. पहिले दोनतीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी पंधरा ते वीस मिनिटं, इतकंच. सुजलेला गुडघा दिसला की त्याला जोरजोरात चोळण्याची हौस माणसाला का असते, हे कोडं मला सुटलेलं नाही.

तर हे झालं तातडीचं. पण जे महिनोन्महिने ‘बघू’ म्हणतात, त्यांना हे माहीत नसतं अशातला भाग नाही. त्यांच्या मनात एकच धास्ती असते. दाखवायला गेलो की ऑपरेशन सांगतील. या धास्तीवर मला एक हकीकत सांगायची आहे, आणि ती मी घाईत सांगणार नाही.

अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये माजी सैनिकांचं एक सरकारी रुग्णालय आहे. तिथे ब्रूस मोझली नावाचे अस्थिशल्यचिकित्सक होते. नावाजलेले. व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे डॉक्टर, १९९६च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बास्केटबॉल संघांबरोबर होते. त्या काळात झिजलेल्या, दुखऱ्या गुडघ्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया सर्रास व्हायची. दोन पद्धती होत्या. एकीत सांधा नुसता सलाईनने भरपूर धुवायचा. दुसरीत आतली खडबडीत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं आवरण, तासायची, गादीचे फाटके तुकडे कापून काढायचे आणि मग धुवायचा. दोन्हींनंतर कितीतरी रुग्ण सांगायचे, डॉक्टर, बरं वाटतंय. मोझलींना जाणून घ्यायचं होतं की यातलं नेमकं काय काम करतं, धुणं की तासणं. त्यांच्या सहकारी डॉक्टर नेल्डा रे यांनी मात्र वेगळीच शंका काढली. हा गुण धुण्याचाही नसेल आणि तासण्याचाही नसेल. आपलं ऑपरेशन झालंय, या समजुतीचाच तो नसेल कशावरून?

शल्यचिकित्सकाला असा प्रश्न विचारायला धाडस लागतं. पण मोझलींनी तो मनावर घेतला, आणि मग जे झालं ते ऐका.

१८० रुग्ण घेतले, तीन गट पाडले. एका गटाचा गुडघा धुवायचा, किमान दहा लिटर पाण्याने. दुसऱ्याचा तासून धुवायचा. आणि तिसऱ्या गटाचं काहीच करायचं नाही, पण केल्याचं सोंग मात्र हुबेहूब वठवायचं. प्रत्येक रुग्णाने आधी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की माझ्या वाट्याला कदाचित खोटी शस्त्रक्रिया येईल, आणि तिने माझा सांधा सुधारणार नाही. हे वाचून बरेच जण मागे फिरले. जे निकषात बसत होते, त्यातल्या ४४ टक्के लोकांनी नकार दिला. मला विचाराल तर नकार देणारेही शहाणे आणि होकार देणारे त्याहून शहाणे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्ण थिएटरमध्ये. कुणाचं काय करायचं ते बंद पाकिटात, आणि ते पाकीट सर्जनच्या हातात पडायचं ते थेट तिथेच. तोवर त्यांनाही माहीत नाही. समजा पाकिटात खोटी शस्त्रक्रिया निघाली. रुग्णाला गुंगीचं औषध दिलंय, गुडघा जंतुनाशकाने पुसलाय, हिरवी कापडं पसरलीत. सर्जन त्वचेवर एकेक सेंटिमीटरचे तीन छेद घेतात, खऱ्या शस्त्रक्रियेत घेतात तिथेच. मग एकेक हत्यार मागतात. हत्यार हातात येतं, पण आत जात नाही. गुडघा वाकवतात, फिरवतात, जणू आत काम चाललंय. आणि रुग्णाच्या कानावर पडावं म्हणून सलाईन उडवून पाण्याचा आवाजही करतात! खऱ्या कामाला जितका वेळ लागतो तितका वेळ रुग्णाला टेबलावरच ठेवतात. रात्र रुग्णालयात, आणि काळजी घेणाऱ्या परिचारिकांनाही ठाऊक नाही की हा कोणत्या गटातला.

पुढे दोन वर्षं सगळ्यांची विचारपूस झाली. किती दुखतं, किती चालता येतं, जिना किती वेळात चढता-उतरता. निकाल २००२ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गट सारखे. धुतलेला गट सरस नाही, तासलेला गट सरस नाही. उलट शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी चालण्याच्या आणि जिन्याच्या चाचणीत तासलेला गट खोट्या शस्त्रक्रियेच्या गटाच्या मागेच होता. ज्यांच्या गुडघ्यात हत्यार शिरलंच नव्हतं, ते नुसते तीन टाके घेऊन घरी गेलेले रुग्ण बाकीच्यांइतकेच समाधानात होते.

खळबळ उडाली, टीकाही झाली. पुढे फिनलंडमध्ये असाच प्रयोग झाला, झिजून फाटलेल्या गादीसाठी, १४६ रुग्णांवर. २०१३मध्ये त्याचा निकाल आला. वर्षभरानंतर गादी कापलेले आणि न कापलेले यांच्यात लक्षात घेण्याजोगा फरक नाही. आणखी एक अभ्यास सांगतो, मग पुढे जातो. ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांच्या गुडघ्याचे एमआरआय काढले होते. ज्यांच्या गादीत फाट दिसली, त्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीच त्रास झालेला नव्हता. म्हणून रिपोर्टमध्ये ‘टेअर’ हा शब्द वाचून हातपाय गाळू नका. रिपोर्ट हातात पडल्या पडल्या मोबाइलवर शोधत बसण्याची सवयही सोडा, निदान तो उघडून दाखवायला समोर कुणी जाणकार बसलेला नसेल तेव्हा.

तर या हकीकतीतून घ्यायचं काय? डॉक्टरकडे जाऊच नका? मुळीच नाही. दाखवणं म्हणजे कापून घेणं नव्हे, इतकंच घ्यायचं. पुन्हा एकदा, दाखवणं म्हणजे कापून घेणं नव्हे. आणि एक मोठा अपवाद लक्षात ठेवा. हे सगळे अभ्यास झिजेच्या दुखण्याचे आहेत. अडकून बसलेले गुडघे फिनलंडच्या प्रयोगात घेतलेच नव्हते. गुडघा एका कोनात अडकला, काही केल्या सरळ होत नाही, तर गादीचा फाटलेला पदर सांध्यात घुसून बसलेला असू शकतो. तिथे हकीकती ऐकत बसायचं नाही, एकदोन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञ गाठायचा. तसंच चालता चालता वळलं की गुडघा निसटतो, आतून सरकल्यासारखा होतो. तो पुढच्या लिगामेंटचा प्रश्न असू शकतो, आणि प्रत्येक वेळी निसटताना गादीची आणखी नासधूस होते. नुसता कडकड वाजतो, दुखत नाही, सुजत नाही? वाजू दे.

वेळ थोडा उरलाय, म्हणून रेंगाळलेल्या गुडघ्याचं भराभर सांगतो. तीन दिवसांत भार देणं सोपं होत नसेल तर दाखवा. दोन आठवड्यांत जिना, चाल, वाकणं यात रोज थोडी थोडी सुधारणा दिसायला हवी. ती थांबली, तर दाखवा. सहा आठवडे झाले आणि अजून सूज येतेय, तर दुखणं कमी असलं तरी दाखवा. तीन दिवस, दोन आठवडे, सहा आठवडे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, सुजलेला गुडघा लगेच दाखवायचा. लहान किंवा वयात येणारं मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल, तर त्याचं खुब्याचं हाडही तपासायला सांगा. खुब्यातलं दुखणं मुलांना गुडघ्यात जाणवतं आणि त्यात चुकामूक होते.

घरी दोन गोष्टी बघता येतात. पलंगावर पालथे झोपा, वाटीच्या जरा वरपर्यंत मांड्या पलंगावर आणि दोन्ही गुडघे, पोटऱ्या कडेबाहेर मोकळ्या. अंग सैल सोडा आणि दुसऱ्या कुणाला टाचांकडे बघायला सांगा. दुखऱ्या पायाची टाच वर राहिली, तर तो गुडघा पूर्ण सरळ होत नाहीये. हा फरक आठवडाभरात कमी झाला पाहिजे. दुसरी गोष्ट शिंप्याच्या टेपची. वाटीच्या वरच्या काठापासून दहा सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांवर खूण करा आणि घेर मोजा. सांध्यात पाणी असलं की मांडीचा पुढचा स्नायू आखडता हात घेतो आणि दोनतीन आठवड्यांतच रोडावतो. घेर कमी भरला, तर फिजिओथेरपिस्टकडे जायला उशीर करू नका. रोडावलेली मांडी जिना उतरताना दगा देते आणि माणसाला वाटतं, लिगामेंटच गेलं. इलॅस्टिकची पट्टी चढवली की काम झालं असं समजणाऱ्यांनी हा टेप जरूर लावून बघावा.

जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या. पाय जमिनीवर रोवलेला असताना वळलात का, ‘कट्’ असा आवाज आला का, सूज किती तासांनी आली, त्यानंतर चालू शकलात का. गोळ्या कोणत्या चालू आहेत तेही लिहा. प्रतीक्षागृहात बुटक्या सोफ्यावर बसू नका, उंच खुर्ची मागून घ्या. गुडघ्याच्या रुग्णांसाठी असे खोल सोफे कोण निवडतं, त्याला एकदा भेटायचंय. पँट मांडीपर्यंत वर जाईल अशी सैल घाला. डॉक्टर आधी चांगला गुडघा तपासायला घेतील, तेव्हा ‘तो नाही, हा’ म्हणून त्यांना थांबवू नका. तुमच्या लिगामेंटचं मूळचं सैलपण किती, हे त्यांना त्या गुडघ्यावरूनच कळतं.

नमस्कार.