डोलकाठी आडवी झाली की बोट बदलते: फ्रान्सच्या कालव्यांत शिरण्याआधीची तयारी

[बोटीच्या डेकवर, आडव्या डोलकाठीला हात टेकवून]

नमस्कार मंडळी. माझ्या हाताखाली हे जे लांबलचक आडवं पडलंय, ती आमच्या बोटीची डोलकाठी. काठी 13 मीटरची, बोट 10 मीटरची. म्हणजे 3 मीटर काठी बोटीच्या बाहेर, थोडी पुढून, थोडी मागून. इंग्लिश खाडीवरच्या ल आव्र बंदरातून निघालो तेव्हापासून ती अशीच पडून आहे. सेन नदी, मग एकामागून एक चार कालवे, मग सोन, मग रोन. साधारण 1300 किलोमीटर. काल आम्ही भूमध्य समुद्राच्या तोंडाशी, पोर-सँ-लुई-द्यू-रोनला पोचलो. उद्या सकाळी क्रेन येणार आणि ही परत उभी राहणार.

त्याआधी हा व्हिडिओ करतोय, कारण सगळं अजून डोक्यात ताजं आहे. समुद्रात वर्षानुवर्षं बोट चालवलेल्या माणसालाही कालव्यात पहिले चार दिवस गोंधळायला होतं. समुद्रात आपण किनाऱ्यापासून लांब राहायला शिकलेलो असतो. इथे किनारा दोन्ही बाजूंना, हाताच्या अंतरावर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. समुद्रात शीड मुख्य आणि इंजिन जोडीला. इथे शीड पिशवीत, डोलकाठी म्हणजे नुसतं सामान, आणि सगळा भार इंजिनावर. बोट तीच, पण डोलकाठी उतरली की ती वेगळीच होते. त्या वेगळ्या बोटीची ओळख पहिल्या लॉकच्या आधी करून घ्या, एवढंच मला सांगायचंय. लॉक म्हणजे दोन दारांमधला पाण्याचा हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात.

[मोजपट्टी दाखवत]

सुरुवात मोजपट्टीपासून. बोटीच्या कागदांवर छापलेली मापं विसरा, स्वतः मोजा.

1879 साली फ्रान्सचे बांधकाम मंत्री होते शार्ल द फ्रेसिने. त्यांनी देशभरच्या मुख्य कालव्यांसाठी लॉकचं एकच माप ठरवलं: लांबी 39 मीटर, रुंदी 5.20 मीटर. त्या लॉकमध्ये मालवाहू बोट जायची ती 5.05 मीटर रुंदीची. दोन्ही बाजूंना मिळून 15 सेंटीमीटर जागा! त्यामुळे तुमची बोट साधी एका सांगाड्याची असेल, तर लांबी-रुंदीची काळजी नाही. दोन सांगाड्यांची, म्हणजे कॅटमरान असेल तर मात्र इथेच थांबून विचार करा, कारण बऱ्याच कॅटमरान 5 मीटरपेक्षा रुंद असतात आणि त्यावर काहीही उपाय नाही.

खरी दोन मापं म्हणजे खालचं आणि वरचं. फ्रेसिने मापाच्या कालव्यात बोटीचा पाण्याखालचा भाग 1.80 मीटरपर्यंत चालतो, असं कागदावर आहे. पण उन्हाळा कोरडा गेला की पाणी वाचवण्यासाठी ही मर्यादा खाली आणतात. शिवाय गोड्या पाण्यात बोट थोडी जास्त बुडते. खारं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. आमची बोट 6 टनांची, म्हणजे गोड्या पाण्यात तिला तरंगायला दीडशे लिटर पाणी जास्त बाजूला सारावं लागतं. आमच्या आकाराच्या बोटीत हा फरक सेंटीमीटरभराचा. त्यात भरलेल्या टाक्या, दोन सायकली, महिन्याभराचं वाणसामान धरा. सगळं भरून झाल्यावर मोजा, रिकामी असताना नको.

वरचं माप म्हणजे पाण्यापासून बोटीच्या सर्वांत उंच टोकापर्यंत. आम्ही आलो त्या वाटेवर पुलाखाली 3.50 मीटर उंची धरतात. डोलकाठी आडवी ठेवली की ती तिच्या आधारांवर किती उंच येते, हे बघूनच आधार बनवा. आणि नुसतं मधलं माप पुरत नाही. अटलांटिकच्या बाजूने येणारे कॅनाल द्यू मिदीने येतात. पिएर-पॉल रिके यांनी बांधायला घेतलेला हा कालवा 1681 साली खुला झाला. तिथले जुने पूल कमानीचे आहेत. कापेस्ताँ गावचा पूल त्यात सगळ्यांत ठेंगणा म्हणून प्रसिद्ध. कमानीच्या मध्यावर तुम्ही आरामात जाता आणि केबिनचा कोपरा दगडाला लागतो. म्हणून मधली उंची मोजा आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांची रुंदीही मोजा.

आम्ही एक सोपी गोष्ट केली. बोटीच्या पुढच्या टोकाला एक बारीक प्लास्टिकची नळी उभी बांधली, आमच्या सर्वांत उंच भागापेक्षा 10 सेंटीमीटर वर. नळी पुलाला टेकली की लगेच इंजिन मागे घ्यायचं. आणि चारही मापं मीटरमध्ये मोठ्या अक्षरांत सुकाणूपाशी चिकटवली. पाटी दिसल्यावर फुटांचे मीटर करत बसायला वेळ नसतो.

[डोलकाठीखालचा लाकडी आधार दाखवत]

आता हे लाकडी आधार. एक पुढच्या रेलिंगपाशी, एक मध्ये, डोलकाठी एरवी जिच्यात उभी असते त्या खोबणीवर, एक मागे. तीनच, पण भक्कम. मागचा आधार माणूस वाकून खाली केबिनमध्ये जाऊ शकेल इतका उंच हवा, नाहीतर दिवसातून वीसदा डोकं आपटतं. काठी जिथे टेकते तिथे जुना गालिचा गुंडाळा. आडव्या पट्ट्या, म्हणजे स्प्रेडर, काढून टाका. दोन्ही टोकांना फोम लावून वर लाल फडकं बांधा.

तीन मीटर बाहेर आहे म्हटल्यावर पुढे जास्त ठेवायची की मागे? आम्ही मागे जास्त ठेवली. पुढचं टोक लॉकच्या दाराच्या सगळ्यांत जवळ जातं, आणि बोट वर चढताना पाणी जोरात आत शिरतं तेव्हा बोट पुढे-मागे ओढली जाते. ज्यांना हे सगळं नकोच आहे, ते डोलकाठी ट्रकने पुढे पाठवतात. बोट लहान आणि काठी फार लांब असेल, तर मी तेच सुचवेन.

अजून एक गोष्ट, जी आम्हाला सेनवर आल्यावर कळली. डोलकाठीबरोबर व्हीएचएफचा, म्हणजे बोटीवरच्या रेडिओचा अँटेनाही खाली येतो! वरचा पांढरा दिवाही जातो. मोठ्या नद्यांवर लॉकच्या माणसांशी व्हीएचएफवर बोलावं लागतं, म्हणून मागच्या रेलिंगला लावायचा छोटा अँटेना आणि एक हातातला सेट जवळ ठेवा. बोगदे असलेल्या वाटेने जाणार असाल तर पुढे चांगला प्रखर दिवा हवाच. बर्गंडी कालव्यावर तर 3,333 मीटरचा बोगदा आहे. तो कालवा 242 किलोमीटरचा आणि त्यावर 189 लॉक. देखणा आहे म्हणतात, पण बोगद्याची कमी उंची आणि लॉकची ती संख्या बघून आम्ही ब्रिआर कालव्याची वाट घेतली. त्या वाटेवरही दीडशेहून जास्त लॉक आहेत, तेवढे पुरेत.

[इंजिनाचं झाकण उघडून]

आता इंजिन. हिशोब करू. आमच्या वाटेवर निव्वळ कालव्यांचा भाग चारशे किलोमीटरच्या वर. वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 6 ते 8 किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाहून जरा जास्त. ताशी 6 ने धरलं तर 70 तास. त्यात प्रत्येक लॉकला पंधरा-वीस मिनिटं. नद्या वेगळ्याच. शिडाच्या बोटीचं इंजिन जेवढं दोन-तीन हंगामांत चालत नाही, तेवढं या एका प्रवासात चालतं, आणि तेही बराच वेळ अगदी हळू. निघण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदला, आणि पुन्हा बदलायला पुरेल एवढं ऑइल बरोबर घ्या.

पण इंजिनाचा खरा शत्रू आहे तो हा. [पारदर्शक गाळणी हातात घेऊन] इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत खेचणाऱ्या नळीवरची ही गाळणी. समुद्रात मी ही महिन्यातून एकदा उघडायचो. इथे रोज सकाळी. बघा, आजची आहे: हिरव्या शेवाळाचे केस, दोन कुजलेली पानं, तळाला मऊ, काळा गाळ. कालव्याचा तळ कीलच्या, म्हणजे बोटीच्या बुडाखालच्या जड पात्याच्या, खाली जेमतेम वीतभर असतो, बोट ढकलणारा पंखा तो ढवळतो आणि तेच पाणी इंजिन ओढून घेतं. उन्हाळ्यात पाणवनस्पती वाढलेल्या असल्या तर दिवसातून दोनदा उघडा. पंपातला रबरी पंखा, म्हणजे इंपेलर, गाळामुळे लवकर झिजतो. दोन जास्तीचे घ्या, आणि तो बदलायचा कसा हे धक्क्याला शांतपणे एकदा करून बघा. मागे मालवाहू बोट उभी असताना ते शिकता येत नाही. मागच्या नळीतून पाणी पडतंय का, याकडे सुकाणूवर बसलेल्या माणसाने दर थोड्या वेळाने बघत राहायचं. आवाज बदलला की आधी तिकडे नजर जायला हवी.

[फळी आणि फेंडर दाखवत]

फेंडर, म्हणजे बोट भिंतीला घासू नये म्हणून बाजूला टांगायच्या फुगीर गाद्या. आहेत त्याच्या दुप्पट घ्या. लॉकच्या भिंती खडबडीत आणि बुळबुळीत असतात, गोल फेंडर त्यावर लोळतात आणि वर सरकतात. म्हणून फेंडरच्या बाहेरून ही आडवी फळी टांगायची. फळी घासली जाते, बोट नाही. काही लोक गाड्यांचे जुने टायर लावतात. लावू नका, इथे मनाई आहे. टायर सुटून बुडाला की लॉकच्या दारात अडकतो आणि सगळ्यांची वाट बंद होते.

दोर दोन, लांब, भरपूर लांब, आणि मध्ये एकही गाठ नसलेले. आता हे मी जरा सावकाश सांगतो, कारण इथे आमची चूक झाली होती.

ब्रिआरनंतर कधीतरी, आम्ही लॉकमध्ये खाली उतरत होतो. दुपारची वेळ, ऊन, सगळं इतकं शांत की हात सैल पडले. माझ्या मित्राने मागचा दोर वरच्या खुंटाला अडकवून आणला आणि बोटीच्या क्लीटवर, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर, नेहमीसारखा बांधून टाकला. बंदरात करतो तसाच. मग तो चहा टाकायला खाली गेला. पाणी उतरू लागलं. मी पुढे होतो. आधी एक बारीक करकर ऐकू आली. मागे बघितलं तर दोर तारेसारखा ताणलेला, त्यातून पाण्याचे थेंब पिळून निघत होते, आणि बोटीची मागची बाजू वर राहून पुढची खाली चालली होती. क्लीटचे स्क्रू डेकमधून उचलले जात होते. लॉकच्या माणसाने वरून ओरडत झडपा बंद केल्या. मी धावत जाऊन दोर कापला. बोट धाडकन खाली बसली. कुणाला लागलं नाही, पण कापलेलं टोक माझ्या कानाजवळून गेलं, तो आवाज मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पक्कं आहे: लॉकमध्ये दोर बांधायचा नाही, धरायचा. खुंटाभोवती फिरवून टोक परत हातात, आणि पाणी हलत असेपर्यंत हात रिकामा करायचा नाही. आणि धारदार सुरी सुकाणूपाशी, हात पोचेल अशी, बांधून ठेवलेली.

उतरताना आणखी एक धोका असतो, तो दिसत नाही. वरच्या दाराच्या आतल्या बाजूला पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. लॉक भरलेला असताना तो कळत नाही. पाणी खाली गेलं की तो उघडा पडतो, आणि तुमचं सुकाणू किंवा कील त्याच्यावर असेल तर बोट त्यावर बसते. अनेक लॉकच्या भिंतीवर त्याची खूण रंगवलेली असते. बोटीचा मागचा भाग त्या खुणेच्या पुढेच ठेवा. आणि मागे लोंबणारी डोलकाठी हिशोबात धरा. बोट खुणेच्या पुढे असली तरी काठी दाराला लागू शकते.

रोनवरचे लॉक हे वेगळंच प्रकरण. बोलेनचा लॉक सुमारे 23 मीटर खाली नेतो, सात मजल्यांची इमारत म्हणा ना. पण मला ते लहान लॉकपेक्षा सोपे वाटले. तिथे भिंतीत तरंगते खुंट असतात, ते पाण्याबरोबर स्वतःच खाली येतात. लाइफ जॅकेट मात्र घालावंच लागतं. रोनवर खरी चिंता प्रवाहाची. पूर असेल तर थांबा. आणि उलट दिशेने, वर चढत जाणार असाल, तर लहान इंजिनावर ती वाट धरू नका.

रात्रीच्या मुक्कामाचं थोडक्यात. काठाला पाणी उथळ असतं, कीलवाली बोट दीड-दोन मीटर लांबच अडकते. म्हणून उतरायला एक लांब फळी, बांधायला दोन लोखंडी मेखा आणि एक घण. झाडाला दोर बांधायला परवानगी नाही.

कागदपत्रं: कालवे सांभाळणारी सरकारी संस्था आहे व्हीएनएफ. तिचा पास घ्यावा लागतो, शुल्क बोटीच्या आकारावर आणि दिवसांवर ठरतं. बोट चालवण्याच्या परवान्यावर युरोपच्या अंतर्गत जलमार्गांच्या नियमांची, म्हणजे सेव्हनीची, नोंद हवी आणि त्या नियमांचं पुस्तक बोटीवर हवं. व्हीएनएफच्या सूचना निघण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज बघा. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी काही कालवे आठवडेच्या आठवडे बंद ठेवतात. एक लॉक बंद असला तरी सगळी वाट बंद असते.

[डोलकाठीच्या तारांच्या जुडग्याकडे जात]

आणि आता उद्याची गोष्ट, जिची तयारी डोलकाठी उतरवायच्या आधी करायची असते. हे बघा, प्रत्येक तारेच्या टर्नबकलवर, म्हणजे तार ताणायच्या स्क्रूवर, रंगीत टेप आहे. त्यावर लिहिलंय ती कुठली तार, आणि सोडताना किती फेरे फिरवले. ही डावी वरची तार: 14 फेरे. डोलकाठीच्या पायाशी विजेच्या पाच वायरी आहेत, पाचांच्याही दोन्ही टोकांना एकच आकडा. फोटो काढलेत तेही अगदी जवळून, हाताचं बोट शेजारी ठेवून, कुठली पिन कुठल्या बाजूने आत गेलीय ते दिसावं म्हणून. पिना सगळ्या एका डबीत, आणि डबी डोलकाठीला नाही, माझ्या बिछान्याखाली.

क्रेनचा माणूस आठ वाजता येतो म्हणालाय. शिडं अजून पिशवीत आहेत, ती आज रात्री बाहेर काढून दमटपणा बघायचा आहे. तुम्ही निघणार असाल, तर खाली तुमच्या बोटीची चार मापं आणि कुठून कुठे जायचंय ते लिहा. कुठली वाट बसते ते आपण एकत्र बघू.