एकट्या गिटारचा शेवटचा दौरा

[दृश्य: लंडनमधली अरुंद गल्ली. कृष्णधवल.]

एक सडपातळ तरुण गल्लीत उभा आहे. हातात मोठाल्या कागदांचा गठ्ठा. गाणं त्याचंच वाजतंय, पण ओठ मिटलेले. ओळीतले शब्द कागदावर दिसतात, आणि एकेक कागद तो खाली टाकत जातो. गाण्यात अकरा डॉलर ऐकू येतात, कागदावर लिहिलंय वीस! मागे उभे असलेले दाढीवाले गृहस्थ म्हणजे कवी ॲलन गिन्सबर्ग. 1962-63 मध्ये मुंबई, कलकत्ता, बनारस असं हिंडून गेलेले. आणि कागद टाकणारा हा 23 वर्षांचा अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन.

साल 1965. डिलनच्या त्या वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यावर डी. ए. पेनेबेकर यांनी केलेल्या ‘डोन्ट लुक बॅक’ या माहितीपटाची ही सुरुवात.

डिलन मूळचा रॉबर्ट झिमरमन. मिनेसोटातल्या हिबिंग या लोहखाणींच्या गावात वाढलेला. शाळेत असताना तो रॉक अँड रोल वाजवायचा. लोकसंगीताचं वेड नंतरचं, लोकगायक वूडी गथ्रीच्या गाण्यांनी लावलेलं. जानेवारी 1961 मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि न्यू जर्सीच्या रुग्णालयात असलेल्या आजारी गथ्रीला जाऊन भेटला. ग्रीनिच व्हिलेजच्या कॅफेंमध्ये गाऊ लागला. त्याच वर्षी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं त्याच्याशी करार केला. पहिली रेकॉर्ड फारशी खपली नाही. 1963 ची दुसरी मात्र घरोघर पोचली.

[दृश्य: वार्ताहर मायक्रोफोन पुढे करतो.]

माहितीपटात बीबीसीचा एक वार्ताहर विचारतो, हे सगळं सुरू कसं झालं? डिलनचं उत्तर आपल्याला ऐकूच येत नाही. पडद्यावर एकदम मिसिसिपीतलं ग्रीनवूड येतं, जुलै 1963 मधलं. कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी शेतात सभा भरली आहे. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्स यांचा खून होऊन काही आठवडेच उलटलेत, आणि डिलन गातोय ते त्याच खुनावरचं गाणं. पूर्वायुष्याबद्दल पेनेबेकर एवढंच दाखवतात. मला विचाराल तर तेवढं पुरतं. त्या शेतात तो कोणासाठी उभा होता, हे कुठल्याही मुलाखतीनं इतकं नेमकं सांगितलं नसतं.

या माहितीपटाला निवेदन नाही. पेनेबेकर खांद्यावर 16 मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन गाडीत, हॉटेलच्या खोलीत, रंगमंचामागे नुसते हजर असतात. त्यामुळे एरवी झाकलेलं बरंच काही दिसतं. व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन टीव्ही कार्यक्रमाचं मानधन वाढवण्यासाठी दोन वाहिन्यांना एकमेकींविरुद्ध खेळवताना दिसतात, तेही फोनवर, अगदी शांतपणे. खोलीत जोन बाएझ गात असते आणि डिलन पाठमोरा टाइपरायटर बडवत असतो. अमेरिकेत स्वतःच्या कार्यक्रमांत त्याला मंचावर बोलावून आपल्या श्रोत्यांपुढे आणणारी ही गायिका. या दौऱ्यात त्यानं तिला एकदाही मंचावर बोलावलं नाही. हा प्रसंग बघताना त्याचा राग येतो, आणि यावा.

दौरा 30 एप्रिलला शेफिल्डमध्ये सुरू झाला आणि 10 मे रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये संपला. मंचावर फक्त डिलन, गिटार आणि गळ्यात अडकवलेली माउथ ऑर्गन. लोकांना हेच हवं होतं. पण मार्चमध्ये आलेल्या त्याच्या नव्या रेकॉर्डची एक बाजू इलेक्ट्रिक वाद्यांची होती. एका प्रसंगात काही शाळकरी मुली त्याला तोंडावर सांगतात, नवं गाणं तुझं वाटतच नाही. तो म्हणतो, माझे मित्र वाजवतात त्यात, त्यांनाही काम नको का द्यायला?

सगळं या उत्तरात आहे. सभागृहातल्या लोकांना वाटतंय, आपला लोकगायक समोर उभा आहे. आणि तो मनानं केव्हाच बँडकडे गेलाय. पेनेबेकर यांच्या कॅमेऱ्यानं नेमके हे दिवस पकडले, पुढे काय होणार हे माहीत नसताना.

[दृश्य: न्यूपोर्ट, रंगमंचावरचे दिवे.]

जूनच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या स्टुडिओत सहा मिनिटांहून मोठं एक गाणं ध्वनिमुद्रित झालं. गिटार वाजवायच्या आशेनं आलेला अल कूपर त्यात ऑर्गनवर जाऊन बसला. 25 जुलै रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला आणि श्रोत्यांतून आरडाओरडा झाला.

माहितीपट चित्रपटगृहात लागला तो मे 1967 मध्ये. तोपर्यंत मोटरसायकलच्या अपघातानंतर डिलननं दौरे थांबवले होते, आणि तो वुडस्टॉकला राहत होता.