मांजरी ते अक्रा

(दृश्य : अंधार. कारखान्याचं फाटक. पहिल्या ट्रकचे दिवे.)

१२ जानेवारी २०२१. पहाटेचे पाच वाजायचे आहेत. पुण्याजवळच्या मांजरीतल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून तीन शीत-ट्रक बाहेर पडतायत. निघण्याआधी पूजा झालीय. ट्रकमध्ये करोनाच्या लसीची ४७८ खोकी आहेत, एकेक ३२ किलोचं. सोबत पोलिसांच्या गाड्या, आणि समोर लोहगाव विमानतळाचा मोकळा रस्ता.

त्या दिवशी घराघरांत टीव्हीवर हेच चित्र होतं. दहा महिने कोंडून राहिलेली माणसं एका ट्रककडे डोळे लावून बसली होती.

(दृश्य : अक्रा. विमानाच्या पोटातून उतरणारी खोकी.)

साधारण सहा आठवड्यांनी, २४ फेब्रुवारीला, याच कारखान्यातली खोकी घानाच्या राजधानीत उतरली. ६ लाख डोस. गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून जागतिक आरोग्य संघटना, 'गावी' ही लसींसाठीची जागतिक आघाडी आणि त्यांच्या सोबतच्या संस्थांनी 'कोव्हॅक्स' उभं केलं होतं. त्याची ही पहिली खेप.

मांजरी ते अक्रा. आपण हा रस्ता बघणार आहोत, आणि महिन्याभरातच तो कसा बंद पडला, तेही.

पण निघण्याआधी मांजरीशेजारच्या हडपसरला थोडं थांबू, मुंबईमार्गे.

(दृश्य : धोबीतलाव, मेट्रो सिनेमासमोरचा पुतळा. मग भायखळा, ग्रँट मेडिकल कॉलेजची जुनी इमारत.)

हा पुतळा डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात त्यांनी रोग ओळखला. प्लेग. पुढच्याच महिन्यात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. जन्माने ओडेसाचे, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई.

(दृश्य : काचेचे चंबू, अगदी जवळून.)

चंबूत मांसाचा रस्सा, त्यावर तुपाचे थेंब. प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून वाढायचे आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबायचे. चंबू हलवला की पारंब्या तळाला. पुन्हा नव्या फुटायच्या. पुरेशी वाढ झाली की उष्णता देऊन जंतू मारायचे. उरलं ते टोचायचं. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना.

(दृश्य : सावित्रीबाई फुले यांचं चित्र. हडपसरची आजची वस्ती.)

बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७. हडपसरच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाईंचा मुलगा डॉ. यशवंत यांचा दवाखाना होता, प्लेगच्या रोग्यांसाठी उघडलेला. मुंढव्याचं एक आजारी पोर सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवरून तिथे आणलं. पोर वाचलं. सावित्रीबाईंना प्लेग झाला, आणि त्या गेल्या.

पुणे-मुंबई रेल्वे धावत होती. तारायंत्र होतं. लस भायखळ्याला तयार होती. सावित्रीबाईंपर्यंत ती आली नाही.

लस सापडणं आणि लस पोहोचणं यांच्यामधलं हे अंतर. त्याच हडपसरच्या परिसरात पुढे जगातला सर्वांत मोठा लसींचा कारखाना उभा राहिला.

(दृश्य : परळ, हाफकिन इन्स्टिट्यूटचं आवार.)

हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ पर्यंत मुंबईतून प्लेगच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले.

(दृश्य : घोडे. धुक्यातली धाव. आवाज फक्त टापांचा.)

आणि हे घोडे. घोड्याला सापाचं विष किंवा धनुर्वाताचं विषद्रव्य थोडं थोडं टोचत गेलं की त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. ते रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करायचा. हाच 'सीरम'. पूनावाला कुटुंबाचा पुण्यात शर्यतीच्या घोड्यांचा व्यवसाय होता, आणि उमेद संपलेले घोडे हाफकिन इन्स्टिट्यूटला दिले जायचे. सीरम आपणच का काढू नये, असं तरुण सायरस पूनावालांच्या मनात आलं. १९६६ मध्ये कारखाना सुरू झाला, धनुर्वाताच्या उताऱ्यापासून. परळच्या सरकारी संस्थेत जे होत होतं, ते बघून पुण्यात एक खासगी कारखाना उभा राहिला. ज्ञान असं हातातून हातात जातं, तेव्हाच लसी वाढतात. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

(दृश्य : रिकाम्या कुप्यांची सरकती रांग.)

त्या ट्रकमधली लस, कोव्हिशिल्ड, कशी बनायची ते बघा. चिंपांझीला सर्दी आणणारा एक विषाणू. माणसात तो वाढू नये म्हणून आधीच लुळा केलेला. त्याच्यात करोना विषाणूच्या अंगावरच्या काट्याचा जनुक बसवायचा. हे काम ऑक्सफर्डचं, सारा गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. चीनमधून विषाणूचा जनुकीय क्रम जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २३ एप्रिलला पहिल्या स्वयंसेवकांना टोचलंसुद्धा. इतका वेग कारण दुसऱ्या एका करोना विषाणूवर, मर्सवर, हीच पद्धत वापरून आधीच काम झालं होतं.

तिथून पुढचं पुण्यात. जिवंत पेशी मोठ्या टाक्यांमध्ये वाढवायच्या, आणि त्या टाक्यांना आतून प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या पिशव्या असतात. पेशींमध्ये विषाणू सोडायचा. पेशी फोडून तो बाहेर काढायचा. गाळायचा, पुन्हा गाळायचा. मग ही रांग : काचेची कुपी, रबराचं बूच, ॲल्युमिनियमचं टोपण. एका कुपीत १० डोस, प्रत्येकी अर्धा मिली. त्यानंतर कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेची मंजुरी. आणि शेवटपर्यंत २ ते ८ अंश तापमान, म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रिजचं. फायझरच्या लसीला उणे ७० लागायचं. तेवढी थंडी घानातल्या खेड्यात कुठून आणणार?

पिशव्या आणि फिल्टर पुन्हा एकदा मनात ठेवा. २०२१ च्या वसंतात अमेरिकेने असा कच्चा माल आधी स्वतःच्या कारखान्यांसाठी राखला, तेव्हा त्याची झळ पुण्यातल्या उत्पादनालाही बसली.

(दृश्य : आग. धुराचे लोट, लांबून.)

२१ जानेवारी २०२१. मांजरीच्या आवारात बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली. पाच कामगार गेले. लसींचा साठा सुरक्षित आहे, ही बातमी आधी पसरली.

(दृश्य : मुंबई विमानतळ, रात्र. दुबई. पुन्हा अक्रा.)

२३ फेब्रुवारी. पुण्याहून मुंबई, रात्री मुंबईहून विमान. वाटेत दुबईला थांबा, कारण सुया-सिरिंजा तिथल्या युनिसेफच्या गोदामात होत्या. दुसऱ्या दिवशी अक्रा. बघा, माणसं खोक्यांवर हात ठेवून उभी आहेत.

त्या सुमारास जगाची स्थिती अशी होती : झालेल्या एकूण लसीकरणातलं ७५ टक्के फक्त दहा देशांत, आणि १३० हून अधिक देशांत एकही डोस नाही. काही श्रीमंत देशांनी लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस आगाऊ राखून ठेवले होते. आणि ९२ गरीब देशांची भिस्त मुख्यतः एका मांजरीवर.

(दृश्य : एप्रिल २०२१. रुग्णालयाबाहेरची रांग. ॲम्ब्युलन्स. निवेदन नाही, वीस सेकंद.)

मार्च संपता संपता भारताने निर्यात थांबवली. तोवर ६ कोटींहून अधिक डोस बाहेर गेले होते. त्यानंतरच्या आठवड्यांत पुण्यात काय चाललं होतं, ते पुणेकरांना सांगायला नको. आपल्या माणसांना आधी लस द्यायचा निर्णय चुकीचा होता, असं आम्ही म्हणणार नाही. पण एका शहराला आग लागली की ९२ देशांचं पाणी तुटावं, अशी जगाची रचना कुणी केली, हे विचारणारच.

घानात, केनियात पहिला डोस घेतलेले लोक दुसऱ्यासाठी ताटकळले. कोव्हॅक्सला वर्षाअखेर २०० कोटी डोस पोहोचवायचे होते. निम्मेही पोहोचले नाहीत.

(दृश्य : अबुजा, नायजेरिया. बुलडोझर. चिरडली जाणारी खोकी.)

२२ डिसेंबर २०२१. हा अबुजाचा कचरा डेपो. ॲस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे त्याच ऑक्सफर्डच्या लसीचे १० लाखांहून अधिक डोस. दान म्हणून आलेले, पण येतानाच मुदत संपायला थोडेच आठवडे उरलेले. तेव्हा आफ्रिकेत दोन्ही डोस झालेल्यांचं प्रमाण १० टक्क्यांच्याही आत होतं.

उरलेलं, शिळं होत आलेलं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचं. आपल्याकडे याला दान म्हणत नाहीत.

(दृश्य : जिनिव्हा. लांब टेबलं, नावांच्या पाट्या.)

२ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत एक मागणी केली होती : साथ आहे तोवर लस, औषधं आणि चाचण्यांवरचे पेटंटसारखे हक्क बाजूला ठेवा. ज्याला बनवता येईल त्याला बनवू द्या. निर्णय १७ जून २०२२ ला झाला. तोही फक्त लसींपुरता, फक्त पेटंटपुरता. औषधं आणि चाचण्या बाहेरच राहिल्या. तेवढ्यात किती लाटा येऊन गेल्या!

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने साथींबाबतचा करार स्वीकारला. पुढच्या साथीत सहभागी कंपन्यांनी उत्पादनाचा २० टक्के वाटा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यावा, त्यातला निम्मा, म्हणजे उत्पादनाच्या किमान १० टक्के, मोफत, असं त्यात लिहिलंय. पण विषाणूंचे नमुने आणि त्यातून होणारा लाभ कसा वाटायचा, याचं परिशिष्ट मंजूर झाल्याशिवाय करार सह्यांसाठी उघडत नाही.

(दृश्य : केपटाऊन. छोटी प्रयोगशाळा. एप्रन घातलेली तरुण मुलं-मुली.)

आम्हाला शेवटी दाखवायची होती ती ही जागा. केपटाऊनची ॲफ्रिजेन. मॉडर्नाच्या लसीचा जनुकीय क्रम सार्वजनिक झाला होता. कंपनीने कृती शिकवली नाही. मग या लोकांनी तो क्रम घेऊन, चुकत, पुन्हा करत, फेब्रुवारी २०२२ पर्यंत प्रयोगशाळेपुरती एमआरएनए लस, म्हणजे विषाणूचा काटा बनवायचा निरोप शरीराच्या पेशींना देणारी लस, स्वतः तयार केली. अगदी थोडी. आणि जमल्यावर ती कृती कुलपात ठेवली नाही. १५ देशांना शिकवायचं ठरलं.

(दृश्य : हातमोजे. पिपेट. एक जण दाखवतोय, दुसरी वहीत लिहून घेतेय.)

त्या यादीत सेनेगल आहे, बांगलादेश आहे, व्हिएतनाम, ब्राझील, सर्बिया. भारतातून हैदराबादची बायोलॉजिकल ई. आणि युक्रेन, हाफकिन यांचं ओडेसा जिथे आहे तो देश.

(दृश्य थांबतं, वहीवर.)