वाटी किती मोठी? बडोद्यात फूड्स अँड न्यूट्रिशन शिकताना नक्की काय शिकतात

[टेबलावर दोन वाट्या आणि छोटा वजनकाटा]

या दोन वाट्या बघा. ही स्टीलची, आमच्या रोजच्या ताटातली. आणि ही आजीची. पितळेची, आतून कल्हई केलेली, तिच्या लग्नात आलेली. आजीला कधीही विचारा, जेवलीस का गं नीट? उत्तर ठरलेलं. "मी काय, एक वाटी भात."

पहिल्या वर्षाला असताना मी एकदा दोन्ही वाट्यांत पाणी भरून काट्यावर ठेवलं. पाण्याचं बरं असतं, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. ही स्टीलची भरली 130. आजीची 240. म्हणजे आईच्या ताटातली एक वाटी भात साधारण 130 कॅलरींची आणि आजीची एक वाटी जवळजवळ 250 ची. दोघीही एकच वाटी खातात आणि दोघीही खरं बोलतात.

मला या विषयाबद्दल तुमचे खूप मेसेज येतात. बारावीनंतर फूड्स अँड न्यूट्रिशन घेऊ का, त्यात काय असतं, पुढे काय. आमच्या दांडिया बाजारातल्या काकांचा प्रश्न जास्त सरळ असतो: "काय गं, पाच वर्षं शिकलीस, पोळी गोल येते का आता?" नाही येत. तो विषयच नव्हता. पाच वर्षं मी मुख्यतः मोजायला शिकले, आणि आपण मोजलेलं कुठे चुकतं ते ओळखायला शिकले. आज त्याबद्दलच बोलू.

आधी थोडं बडोद्याचं, कारण इथे हा विषय नवा नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 सालचं. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. आपल्याकडे त्यांच्या नावाची लायब्ररी आहे म्हणून नाव सगळ्यांना माहीत, पण बाई संविधान सभेत होत्या. शिवाय 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सगळे पुरुष' असा अर्थ निघेल अशी शब्दरचना होती, ती बदलून 'सगळी माणसं' करायला लावली ती त्यांनी. त्यांच्याच काळात, विद्यापीठाच्या सुरुवातीच्या वर्षांत, इथे होम सायन्स, म्हणजे गृहविज्ञान, उभं राहिलं. आता त्या फॅकल्टीचं नाव फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस आहे, पण रिक्षावाल्याला होम सायन्स सांगा, तो बरोबर सोडेल. फूड्स अँड न्यूट्रिशन हे तिथलं एक डिपार्टमेंट.

आर. राजलक्ष्मी या जीवरसायनशास्त्रज्ञ याच विद्यापीठात होत्या. गरीब घरातल्या मुलांचं पोषण दूध-अंड्यांवर अडून न बसता आपल्याच भागातल्या धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतून कसं साधेल, यावर त्यांनी इथे काम केलं. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आज रील्सवर जो तो अ‍ॅव्होकाडो विकतोय.

[कट. लॅबमधला जुना फोटो]

आता लॅब. पहिला धक्का हा की स्वयंपाकघर दिसायच्या आधी केमिस्ट्री दिसते. अन्नात पाणी किती, राख किती, स्निग्ध पदार्थ किती, प्रथिनं किती, हे काढायचं. पाणी काढायला ओव्हनमध्ये वाळवायचं. राखेसाठी भट्टीत 550 अंशांवर जाळायचं. कार्बोहायड्रेट तर पुष्कळदा मोजतच नाहीत. बाकीचं सगळं शंभरातून वजा करायचं, उरेल ते कार्बोहायड्रेट. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. पाकिटावर इतक्या ऐटीत छापलेला आकडा, आणि तो म्हणजे उरलंसुरलं!

प्रथिनांची गंमत तर अजून मोठी. केल्डाल नावाच्या डेन्मार्कच्या रसायनशास्त्रज्ञाने 1883 मध्ये पद्धत काढली. (आम्ही सगळे जेल्डालच म्हणायचो, मॅडमनी सुधारणं सोडून दिलं होतं.) डाळीची पूड सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये तासन्‌तास उकळायची, तिच्यातला नायट्रोजन अमोनिया करून बाहेर काढायचा, तो अ‍ॅसिडने मोजायचा. आलेल्या नायट्रोजनला 6.25 ने गुणायचं. झालं प्रथिन. म्हणजे प्रथिन कुणी पाहिलेलंच नसतं! नायट्रोजन मोजायचा आणि प्रथिनात साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो या हिशेबावर विश्वास ठेवायचा.

या विश्वासाचा गैरफायदा घेता येतो. 2008 मध्ये चीनमध्ये दुधात पाणी घालून वर मेलामाइन मिसळलं गेलं. मेलामाइन हे प्लॅस्टिकच्या उद्योगातलं रसायन, त्यात वजनाच्या दोन-तृतीयांश नायट्रोजन. चाचणीत प्रथिन भरपूर दिसलं. बाळांच्या पावडरीत ते गेलं, मूत्रपिंडात खडे झाले, जवळपास 3 लाख बाळं आजारी पडली, काही गेली. हा धडा आम्हाला लॅबच्या पहिल्याच आठवड्यात सांगितला होता.

माझा पराक्रम त्यामानाने बारीक. तुरीची डाळ होती. तिच्यात 22 टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं, हे पुस्तकात आहे. अर्धा ग्रॅम पूड, उकळून शंभर मिलिलिटर द्रावण केलं, त्यातलं दहा मिलिलिटर घेतलं. आता ब्युरेटमधून (खुणा केलेली, तोटीची काचेची नळी) अ‍ॅसिड थेंबथेंब सोडायचं, हिरवा रंग जाऊन गुलाबी झाला की त्या क्षणी थांबायचं. सगळं मिळून सव्वा मिलिलिटर लागायचं होतं. मी मैत्रिणीशी बोलत होते. चार थेंब जास्त पडले. फक्त चार! म्हणजे 0.2 मिलिलिटर. हिशेब केला तर माझ्या डाळीत साडेपंचवीस टक्के प्रथिन. मॅडमनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ही डाळ कुठे मिळते गं? मलाही आण एक किलो."

त्या दिवसापासून कुठल्याही डब्यावर 'प्रथिनं 25.4 ग्रॅम' वाचलं की मला तो पॉइंट चार दिसतो. बराच धीट आकडा आहे तो.

[स्वयंपाकघर. गॅसवर कढई]

स्वयंपाकघरही येतं, पण वेगळ्या रस्त्याने. सुरळीच्या वड्या. म्हणजे आमच्या शेजारच्या बेनच्या भाषेत खांडवी. डाळीचं पीठ, ताक, हळद, मीठ, आणि अखंड ढवळणं. आजी कढईशी उभी राहते आणि मधेच थोडं पीठ ताटाच्या पालथ्या बाजूला फासून बघते. सोलून निघालं तर झालं, चिकटलं तर अजून ढवळ. लॅबमध्ये आम्ही हेच केलं, फक्त हातात थर्मामीटर आणि घड्याळ होतं.

होतं काय की बेसनातल्या स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात, त्यातलं अमायलोज (स्टार्चच्या लांब साखळ्या) बाहेर येतं आणि मिश्रण घट्ट होतं. पण गार होताना त्या साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ येतात आणि जाळी धरते. म्हणून गरम असतानाच पातळ पसरायचं आणि गार झाल्यावर गुंडाळायचं. कच्चं उतरवलं तर स्टार्च पुरतं फुगलेलं नसतं, जाळी धरत नाही, आणि सुरळीऐवजी पिठलं खावं लागतं. ताक फार आंबट असलं तर उकळताना अ‍ॅसिड त्या साखळ्या तोडतं, मग घट्टपणा कमी पडतो. आजीला विचारलं, ताक आंबट असलं तर काय करतेस? "आदल्या दिवशीचं घेत नाही." पंधरा पानांचं जर्नल मी लिहिलं होतं त्यावर.

माझं मत विचाराल तर हा विषय घरच्या खाण्याकडे बघायची नजर देतो, हे त्याचं सगळ्यात मोठं सुख. उदाहरण उसळीचं घ्या. बडोद्याची सेव उसळ सुक्या वाटाण्यांची असते, वर तिखट तर्री आणि मूठभर शेव. घरची आपली मोड आलेल्या मटकीची. डाळी-कडधान्यांत फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं आणि आतड्यातून आत जाऊ देत नाही. भिजवल्याने, मोड आणल्याने ते कमी होतं. वरून लिंबू पिळलं तर क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवल्या जेवल्या चहा प्यायलात तर चहातले टॅनिन उलट काम करतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातच्या 15 ते 49 वयाच्या 65 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा 57. तेव्हा लिंबाची फोड ही नुसती शोभा नाही हो. (हे आकडे बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून काढलेले आहेत, शिरेतल्या रक्ताने वेगळे येतात, यावरही मोठा वाद आहे. बघा, परत मोजणंच.)

[पुन्हा टेबल. वाट्या]

आणि आता मूळ वाटीकडे. एम.एस्सी.ला असताना आम्ही बडोद्याजवळच्या एका गावात आहार पाहणीला गेलो. पद्धतीचं नाव मोठं आहे, काम एवढंच: काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लंत? बरोबर ठरावीक मापाच्या वाट्यांचा संच. त्या बाईंना दाखवायचा आणि विचारायचं, डाळ यातल्या कुठल्या वाटीने?

हिशेब असा. घरात सहा माणसं, 150 ग्रॅम डाळ शिजवली, शिजून दीड लिटर झाली. गुजरातची डाळ, पातळ आणि गोड, तुम्हाला माहीतच आहे. बाईंनी त्यातली 300 मिलिलिटर घेतली. म्हणजे त्यांच्या पोटात कच्ची डाळ गेली 30 ग्रॅम, प्रथिन साडेसहा ग्रॅमच्या आसपास. आता तीच 300 मिलिलिटर आपल्या घरच्या घट्ट वरणाची असती तर दुप्पट-तिप्पट झालं असतं. 'दोन वाट्या डाळ' हे उत्तर किती पोकळ आहे ते तिथे कळलं. 55 किलोच्या बाईला दिवसाला 46 ग्रॅम प्रथिन हवं, असं आपल्या 2020 च्या शिफारशी सांगतात.

त्या बाईंनी सगळं सांगितलं. रोटला (भाकरी), शाक (भाजी), डाळ, भात. मी वही मिटणार तेवढ्यात बरोबरच्या सीनियरने विचारलं, "आणि चा?" चार वेळा. प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाची 40 ग्रॅम, 160 कॅलरी, आणि ते खाण्यात धरलंच नव्हतं. चहाला कोण खाणं म्हणतं? मग तिने अजून एक प्रश्न विचारला. तुम्ही जेवायला कधी बसता? त्या हसल्या. सगळ्यांचं झाल्यावर. शाक उरलं होतं का? नाही. म्हणजे माझ्या कागदावर शाक होतं आणि त्यांच्या ताटात नव्हतं.

[थोडं थांबून]

बरं, आता करिअर. पटकन सांगते. एक वाट आहारतज्ज्ञाची: हॉस्पिटल, इंटर्नशिप, आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची आर.डी. (रजिस्टर्ड डायटिशियन) परीक्षा. दुसरी सार्वजनिक आरोग्याची: अंगणवाडी, शाळेतलं जेवण. प्राथमिक शाळेतल्या मुलाला मध्यान्ह भोजनातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिन द्यायचं असं ठरलेलं आहे, ते खरंच पानात पडतंय का हे बघणारी माणसं लागतात. तिसरी कंपन्यांची: नवे पदार्थ, लेबल, गुणवत्ता. पण तुम्हाला मशिनरी, पॅकिंग, टिकवणं यात रस असेल तर तो फूड टेक्नॉलॉजीचा रस्ता आहे, त्यासाठी इथून तासाभरावर आणंदचं कृषी विद्यापीठ बघा. दोन्हींत गल्लत करून प्रवेश घेतलेल्या मुली मी पाहिल्यात, दुसऱ्या वर्षाला रडतात.

आणि पाटीवर 'न्यूट्रिशनिस्ट' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. 2021 साली या पेशांसाठी केंद्राचा कायदा आला, पण सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून डाएट चार्ट विकणारे अजून गल्लोगल्ली आहेत. मीसुद्धा अशा एका ठिकाणी दोन महिने काम केलं. डायबेटिसच्या आजोबांना आणि लग्न ठरलेल्या मुलीला एकच चार्ट जायचा, वर फक्त नाव बदलून. सोडलं.

गणित कच्चं आहे, जमेल का, असं तिघी-चौघींनी विचारलंय. शेकडेवारी आणि त्रैराशिक आलं पाहिजे, बाकी शिकवतात. बायोकेमिस्ट्री मात्र चिवट आहे, तिथे पाठांतर चालत नाही. शिकवणं इंग्रजीत असतं, मराठी-गुजराती माध्यमातून आलेल्यांना पहिलं सत्र जड जातं, पुढे सरावतं. प्रवेशाच्या अटी विद्यापीठाच्या साइटवरच बघा, माझ्या वेळच्या तुम्हाला लागू पडतीलच असं नाही.

जायच्या आधी एक काम देते. घरातली रोजची वाटी घ्या, काठोकाठ पाणी भरा, काट्यावर ठेवा. वाटीचं वजन आधी वजा करायला विसरू नका, आमच्या वर्गात निम्म्या जणी विसरल्या होत्या. आकडा खाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत तेलाचं बघू, महिन्याच्या डब्यावरून रोजचा चमचा कसा काढतात ते.

[आतून आवाज: "झालं का गं? वाटी आण माझी."]

आले, आजी.