झोप नाही, छातीत काहीतरी अडकलंय: चिनी औषधं आणि डिप्रेशन

साल १९८०. चीनच्या हुनान प्रांतातलं चांगशा शहर, तिथल्या मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी. आर्थर क्लाइनमन नावाचे अमेरिकन डॉक्टर इथे शंभर पेशंट तपासतायत आणि सगळ्यांच्या केसपेपरवर एकच आजार लिहिलाय, न्यूरास्थेनिया, म्हणजे मज्जातंतूंचा थकवा. तक्रारी काय, तर डोकं दुखतं, झोप लागत नाही, गरगरतं, अंगात त्राण नाही. मन उदास आहे असं आपणहून सांगणारे थोडेच. क्लाइनमननी खोदून खोदून विचारलं तेव्हा शंभरातले ८७ जण डिप्रेशनचे पेशंट निघाले.

आता 'चिनी लोकांना मनातलं बोलताच येत नाही' असं म्हणायची घाई नको. सांस्कृतिक क्रांती संपून जेमतेम चार वर्षं झाली होती, त्या काळात 'मी निराश आहे' म्हणणं म्हणजे कम्युनिस्ट पार्टीवर नाराज आहे असा अर्थ निघायचा आणि ते सगळ्या घराला भोवायचं. डोकेदुखीबद्दल मात्र कोणी जाब विचारत नाही. आणि आपल्याकडे तरी काय वेगळं, फॅमिली डॉक्टरसमोर बसून 'अंग दुखतं, भूक मेलीये' एवढंच सांगून परत येणाऱ्या किती बायका असतील.

चिनी वैद्यकाचं जे काही चालतं ते इथे चालतं. कारण तिथल्या डॉक्टरला 'तुम्हाला डिप्रेशन आहे का' असं विचारावंच लागत नाही. तो जीभ बघतो, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघतो, मग प्रश्न सुरू. झोप किती वाजता मोडते, बरगड्यांखाली दाटल्यासारखं होतं का, सारखे उसासे येतात का, पाळी वेळेवर आहे का, पोट साफ होतं का. नाडी ताणलेल्या तारेसारखी लागली की निदान बहुतेक ठरलेलं, यकृताची 'ची', म्हणजे शरीरात वाहणारी प्राणशक्ती, तुंबलीये. हे यकृत म्हणजे लॅबमध्ये ज्याची रक्ततपासणी करतो ते नव्हे हां, शरीरातली 'ची' आणि मनातल्या भावना वाहत्या ठेवणारं त्यांच्या शास्त्रातलं एक खातं आहे ते.

चौदाव्या शतकात झू दानशी नावाचे वैद्य होऊन गेले, १२८१ ते १३५८. त्यांनी या तुंबण्याचे सहा प्रकार सांगितले: ची, रक्त, कफ, ओल, उष्णता आणि न पचलेलं अन्न. त्यांच्या नावावर असलेल्या युएजू गोळीत पाचच घटक, आणि त्यातलं तुंबलेली 'ची' मोकळी करणारं औषध कोणतं, तर श्यांगफू, म्हणजे आपला लव्हाळा! ज्याला शेतकरी शिव्या घालतो, कितीही खुरपा परत उगवतो, त्याच्याच जमिनीतल्या गाठी, ज्या आपण नागरमोथा म्हणून उटण्यात घालतो. चीनमध्ये त्या व्हिनेगरमध्ये परततात, आंबट चव औषधाला यकृताकडे नेते अशी त्यांची समजूत.

सगळ्यात जास्त लिहून दिलं जातं ते मात्र श्याओयाओ सान नावाचं मिश्रण, सोंग राजवटीच्या सरकारी औषधसंग्रहातलं. आता हा दवाखान्याचा औषध विभाग बघा. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर नावं, माणूस छोट्या हातकाट्यावर एकेक मुळी तोलतो आणि कागदावर ढीग मांडत जातो, एका दिवसाचा एक ढीग. घरी नेऊन अर्धा तास भिजवायचं, दोनदा उकळायचं, दोन्ही पाणी एकत्र करून सकाळ-संध्याकाळ प्यायचं. पुदिना मात्र शेवटच्या पाच मिनिटांतच, आधी टाकला तर त्यातलं तेल वाफेबरोबर उडून जातं. आजकाल एवढा वेळ कुणाला, त्यामुळे हॉस्पिटलमध्येच मशीनवर काढा करून प्लास्टिकच्या पाऊचमध्ये भरून देतात.

घशात काहीतरी अडकलंय, गिळलं तरी जात नाही, एंडोस्कोपी नॉर्मल, ही तक्रार तर हान राजवटीच्या शेवटी, म्हणजे साधारण १८०० वर्षांपूर्वी जांग जोंगजिंग यांनी नोंदवलीये. त्यावरच्या काढ्यात बानश्या नावाचा कंद असतो, अळूच्याच कुळातला, आणि कच्चा खाल्ला तर घसा अळूसारखाच खाजवतो, म्हणून आलं आणि तुरटी लावून शुद्ध केल्याशिवाय द्यायचा नाही.

हे सगळं ऐकायला छान आहे, पण गुण येतो का?

काढ्यांवरचे चिनी अभ्यास ढिगाने आहेत, पण बरेचसे छोटे, आणि पेशंटला आपण खरा काढा पितोय की खोटा हे कळू न देणं अवघडच, ती चवच अशी असते. ॲक्युपंक्चरचं, म्हणजे सुया टोचून करायच्या चिनी उपचाराचं, जरा बरं आहे. २०१३ साली उत्तर इंग्लंडमधला ७५५ पेशंटचा अभ्यास आला, त्यात नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड दिली तेव्हा तीन महिन्यांनी डिप्रेशन जास्त कमी झालं, पण काउन्सेलिंगची जोड दिलेल्यांनाही साधारण तेवढाच फायदा झाला. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २०१८ च्या आढाव्यात ६४ अभ्यास, ७१०४ माणसं, आणि निष्कर्ष काय, तर थोडाफार उपयोग होत असावा पण पुरावा कच्चा. मला वाटतं अर्धा तास कुणीतरी नीट विचारपूस करतं, हात हातात घेतं, यातच बरंचसं औषध आहे, आणि हे मी टोमणा म्हणून बोलत नाहीये.

टोमणा मारायचाच तर 'हर्बल आहे, साइड इफेक्ट नाही' म्हणणाऱ्यांना मारेन. अशा काढ्यांत घालतात ते ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं की बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. शुगान जिएयू नावाची कॅप्सूल चीनने २००८ मध्ये सौम्य ते मध्यम डिप्रेशनसाठी मंजूर केली, तिच्यात सेंट जॉन्स वर्ट आहे. ही वनस्पती डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं, आणि गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन यांचा असर ती कमी करते. म्हणजे काढा घेत असाल तर सायकियाट्रिस्टला सांगा, आणि चालू गोळी मनाने बंद करू नका, मरणाचे विचार येत असतील तर मुळीच नाही.

भारतात ॲक्युपंक्चर आलं त्यात एक आपला धागा आहे. १९३८ साली सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू होते. पुढे पन्नाशीच्या दशकात ते पुन्हा चीनला गेले, सुयांची विद्या शिकले आणि कलकत्त्यात प्रॅक्टिस सुरू केली.

आणि हो, घरात कुणाची झोप उडाली असेल, कुणी अबोल झालं असेल, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.