आकडा सांगता, मग अटही सांगा

नमस्कार. फोटोतली वस्तू आणि हातात आलेली वस्तू, असा आजचा विषय जाहीर झालाय. फोटोंकडे मी येणार आहेच, पण आधी आकड्यांबद्दल बोलू द्या. फोटोवर शंका घेणारी माणसं आकडा दिसला की निर्धास्त होतात, आणि खरा घोळ तिथेच असतो, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या भाचीनं पॉवर बँक मागवली. पानावर ठळक अक्षरात १०,००० एमएएच, म्हणजे मिलीअँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप. तिच्या फोनची बॅटरी ५,०००ची. म्हणजे फोन दोनदा भरायला हवा. तो दीडदाही भरेना. तिनं तक्रार केली, तर विक्रेत्याचं उत्तर आलं : ‘क्षमता वर्णनाप्रमाणेच आहे.’ संताप याचाच येतो, की ते खोटं नव्हतं! आतल्या लिथियम सेलचा व्होल्टेज साधारण ३.७, तो १०,०००चा आकडा तिथला. यूएसबीतून वीज बाहेर येते सहसा ५ व्होल्टनं. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास; त्याला ३.७ व्होल्टनं गुणलं की एकूण ऊर्जा ३७ वॅट-तास. तीच ५ व्होल्टला मोजली की ७,४०० एमएएच उरतात. रूपांतरात आणखी काही उष्णता होऊन जाते, फोन भरतानाही थोडी जाते. हे वॅट-तास पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलेले असतात, कारण विमानात परवानगीशिवाय नेण्याची मर्यादा, १०० वॅट-तास, त्यावरच ठरते. मग हाच आकडा विक्रीच्या पानावर सर्वांत वर का नाही? गिऱ्हाइकाचा हक्क विमान कंपनीपेक्षा कमी आहे का?

हे एकाच वस्तूचं नाही. १ टीबीची हार्ड डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, कारण केबी, एमबी, जीबी, टीबी ही प्रत्येक पायरी बनवणारा हजारानं मोजतो आणि विंडोज १,०२४नं. स्पीकरचे वॅट तर विचारूच नका; क्षणभराचा कमाल जोर छापायचा आणि सलग किती पेलतो ते गाळायचं. बरं, टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, पण भिंतीवर जागा मोजताना लागते ती रुंदी. माझी मागणी एवढीच आहे : आकडा कोणत्या अटीवर मोजला, ते त्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात लिहा.

वेळ संपत आल्याची खूण दिसतेय, तेव्हा फोटो भरभर घेतो.

जवळून, रुंद कोनाच्या लेन्सनं काढलं की पुढची बाजू फुगते. पुरातत्त्वाचे लोक फोटोत वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवतात. विक्रेत्यांनीही ठेवावी, त्याला खर्च नाही. रंगाचं म्हणाल, तर स्टुडिओतला प्रकाश, कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगजुळवणी, आणि तुमचा स्क्रीन, तिघेही त्यात हात घालतात. काही गडद हिरवे-निळे रंग तर वेबवर रंग नोंदवायच्या नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीत बसतच नाहीत. आणि कित्येक ‘फोटो’ फोटोच नसतात, संगणकावर तयार केलेली चित्रं असतात. त्यात शिवण ओढली जात नाही, कापडाला सुरकुती पडत नाही. तिथे ‘संगणकीय चित्र’ असं लिहिलंच पाहिजे.

शेवटचं. वस्तू परत करताना ‘आवडली नाही’ हे कारण निवडू नका. ‘वर्णनाशी जुळत नाही’ निवडा, आणि तुम्ही स्वतः मोजलेला आकडा खाली लिहा. आता प्रश्न विचारा.