शेणाचं पान

श्रोतेहो, नमस्कार.

डायनोसॉरची चित्रपुस्तकं आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात. पानापानावर जबडा, खाली तोंडात न मावणारं नाव. लेकरं ती नावं घडाघडा म्हणतात, मायबाप कौतुकानं बघतात. माझी तक्रार एकच, या पुस्तकांत माणूस नसतो. हाड कोणाला सापडलं, कुठं सापडलं, पहिल्यांदा त्याला ते काय वाटलं, यातलं काहीच नाही. जणू डायनोसॉर स्वतःच येऊन फोटोला उभा राहिला!

म्हणून पुस्तक चाळताना मी आधी मेरी अ‍ॅनिंग शोधते. इंग्लंडात समुद्रकाठी लाइम रीजिस नावाचं गाव आहे, तिथल्या सुताराची ही पोरगी. बाप लवकर गेला. दरडीतून निघालेले दगडी शंख-शिंपले विकून घर चालायचं. १८११ साली भावाला एक भलं मोठं डोकं दिसलं, आणि पुढच्या वर्षी मेरीनं बाकीचा सांगाडा शोधला. जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. तो इक्थिओसॉर, समुद्रात पोहणारा प्राणी. डायनोसॉर नव्हे, हे ज्या पुस्तकात चुकलंय ते दुकानातच ठेवा. १८३३ मध्ये तिचा कुत्रा दरडीखाली गेला. हे पान काही जण वाचताना गाळतात. गाळू नये. गोठ्यातला बैल गेलेला पाहिलाय आपल्या लेकरांनी, त्यांना कळतं.

वर्गात सगळ्यात जास्त वेळ खातं ते मात्र शेणाचं पान. त्या सांगाड्यांच्या पोटाच्या जागी मेरीला गोटे सापडायचे. फोडले की आत माशांची हाडं, खवले. विल्यम बकलंड या प्राध्यापकांनी १८२९ मध्ये सांगितलं, ही दगड झालेली विष्ठा आहे, आणि तिला कोप्रोलाइट असं नाव दिलं. मेरीला मात्र लंडनच्या भूविज्ञान सोसायटीत जागा नव्हती. बायकांना तिथं सभासदच होता येत नसे.

इथं पोरं खिदळतात. खिदळू द्यावं. मग हळूच सांगावं, असलं शेण, तेही डायनोसॉरचं, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याकडं पिसदुऱ्यालाही सापडलंय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं! लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर आत गवत निघालं. म्हणजे अख्खी काडी नव्हे, गवताच्या पेशींत साचणारे सिलिकाचे बारीक कण. धानाच्या पातीनं बोट कापतं ना, त्यातही हाच सिलिका. त्या जनावराच्या खाण्यात गवत थोडंच होतं, बाकी दुसरा झाडपाला. पण होतं! हे २००५ साली छापून आलं. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत होतं याला भक्कम पुरावा नव्हता, म्हणून जुन्या चित्रांत हे प्राणी बिनगवताच्या रानात उभे दिसतात.

हे पान मराठी चित्रपुस्तकात मला अजून भेटलेलं नाही. आपल्याकडं चित्रकार काय कमी आहेत? प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातला बारापासॉरस हा डायनोसॉर घ्या. त्याची सुमारे तीनशे हाडं मिळाली, आज सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे, पण कवटी मिळालीच नाही. दात तेवढे मिळाले. म्हणजे चित्रातलं डोकं अंदाजाचं. तसं पानावर लिहावं, आणि शेजारी कोरी जागा सोडावी, लेकरांनी आपापलं डोकं काढायला.

आणि पुस्तक वाचून पोरं वावरात गोटे उचलत फिरणार, हे ठरलेलं. धुऱ्यावर, नाल्याच्या काठाला काही वेगळं दिसलं तर त्यांना एवढं सांगा: फोडायचं नाही, घरी आणायचं नाही. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढायचा, शिवार कोणतं ते लिहून ठेवायचं आणि जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या सरांना दाखवायचं. बहुतेक वेळा ते म्हणतील, "हा साधा गोटा आहे." तरी फोटो दाखवत राहायचं.

नमस्कार.